छोट्या-मध्यम कारखान्याचं रोजचं व्यवस्थापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मशीन शॉप, प्रेस शॉप, मोल्डिंग आणि फॅब्रिकेशन चालवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. वरवर पाहता ते वेगवेगळ्या विभागांचे वाटतात. पण बहुतेकांचं मूळ एकाच जागी सापडतं. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, म्हणजे पाळी बदलताना, सेटिंग बदलताना किंवा ऑपरेटरकडून फिटरकडे जाताना, काहीतरी सांगायचं राहून जातं.

पाळी बदलताना नेमकं काय सांगायचं? आमच्याकडे रजिस्टर आहे, पण त्यात रोज ‘सर्व ठीक’ लिहिलेलं असतं.

‘सर्व ठीक’ लिहायला जागा ठेवली की माणूस तेच लिहिणार. त्यामुळे रजिस्टरमध्ये मोकळी ओळ ठेवू नका, प्रश्न छापा: मागच्या आठ तासांत काय बदललं? काय अर्धवट राहिलं? कोणत्या मालाचा निर्णय बाकी आहे? कोणतं गार्ड, सेन्सर किंवा इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारी सोय) काढलेलं किंवा बंद आहे? शेवटचा प्रश्न एकही दिवस सोडायचा नाही.

चांगली नोंद अशी दिसते (बोअर म्हणजे आतलं भोक, इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं कापणारं टोक, ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी):

‘मशीन ४, फ्लँज. १४:२० ला बोअरचा इन्सर्ट बदलला, ऑफसेट ०.०१५ ने कमी केला. नंतरचे ६ पीस मोजले, ४२.००८ ते ४२.०१२. चिप कन्व्हेअर दोनदा ट्रिप झाला, कारण सापडलं नाही, खालचं झाकण उघडून बघायचं राहिलं. पिवळ्या पेटीत ९ पीस, इन्सर्ट बदलण्याआधीचे, क्यूसीने बघितलेले नाहीत.’

पुढच्या पाळीच्या माणसाने हे वाचलं की कन्व्हेअर तिसऱ्यांदा ट्रिप झाल्यावर तो रिसेट दाबून मोकळा होणार नाही, आणि ते ९ पीस चुकून डिस्पॅचमध्येही जाणार नाहीत.

नोंद लिहिली म्हणून तोंडी सांगणं वगळू नका. दोघांनी मशीनसमोर उभं राहून पाच ते दहा मिनिटं बोलायचं आणि दोघांनी सही करायची. यासाठी दोन्ही पाळ्यांच्या वेळा दहा मिनिटं एकमेकींवर चढवाव्या लागतात, आणि त्या दहा मिनिटांचे पैसेही द्यावे लागतात. इथे काटकसर करणारे कारखाने तेच पैसे रिवर्कमध्ये घालवतात.

हा विषय किती गंभीर होऊ शकतो हे ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर दिसलं. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून पाइपच्या तोंडावर नुसतं झाकण बसवलं होतं. रात्रपाळीपर्यंत ही गोष्ट पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप चालू केला, झाकणातून गळती झाली आणि स्फोट झाला. त्या रात्री १६७ माणसं गेली.

रोजची सकाळची बैठक तासभर चालते आणि निघत काहीच नाही. काय चुकतं?

बैठक खुर्च्यांवर होते, हे पहिलं. ती शॉपमध्ये फलकासमोर उभ्याने घ्या, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. दुसरी चूक म्हणजे तिथेच कारणं शोधत बसणं. दोन माणसं एका ब्रेकडाउनवर वाद घालतात आणि बाकीचे सहाजण घड्याळ बघतात. बैठकीत फक्त चार गोष्टी बोलायच्या: काल कोणाला लागलं का किंवा लागता लागता वाचलं का, काल किती ठरलं होतं आणि किती झालं, आज काय अडणार आहे, आणि ते कोण किती वाजेपर्यंत सोडवणार. ‘मेंटेनन्स बघेल’ हे उत्तर धरू नका. माणसाचं नाव आणि वेळ दोन्ही लिहा. मुळाशी जायचं काम ज्या दोघांचं आहे ते दोघं बैठकीनंतर थांबतील.

क्रमही महत्त्वाचा आहे. उत्पादनाचा आकडा आधी घेतला की सुरक्षिततेचा मुद्दा शेवटी ‘बाकी काही नाही ना?’ एवढ्यावर उरतो.

मशीन दिवसभर चालू दिसतं, तरी माल कमी का पडतो?

कारण ‘चालू दिसणं’ हे माप नाही. ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता: उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार) काढा, पण टक्क्यांत अडकू नका, पीसमध्ये मोजा. उदाहरणार्थ, पाळी ४८० मिनिटांची आणि सुट्टी ३० मिनिटांची असेल तर हाती ४५० मिनिटं राहतात. एका पीसला ४५ सेकंद लागत असतील तर ६०० पीस व्हायला हवेत. चांगले निघाले ४२५. मग १७५ कुठे गेले?

नोंदीप्रमाणे मशीन ६० मिनिटं बंद होतं, त्यात ८० गेले. उरलेल्या ३९० मिनिटांत ५२० व्हायला हवे होते, झाले ४४२. म्हणजे ७८ पीस कोणत्याही नोंदीत नसलेल्या बारीक थांब्यांत आणि मंद चालवण्यात गेले. १७ रिजेक्ट झाले. उपलब्धता ८६.७ टक्के, वेग ८५ टक्के, गुणवत्ता ९६.२ टक्के, आणि गुणाकार ७०.८ टक्के.

यातले १७ रिजेक्ट सगळ्यांना माहीत असतात, कारण ते लाल पेटीत पडलेले दिसतात. त्यावर बैठका होतात. ७८ कुणालाच दिसत नाहीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

‘जागतिक दर्जाचा ओईई ८५ टक्के’ असं सर्रास ऐकायला मिळतं. तो आकडा आपल्या भिंतीवर लावू नका. दिवसाला आठ वेळा सेटिंग बदलणारं मशीन आणि महिनाभर एकच जॉब चालवणारं मशीन यांची तुलना होत नाही. मशीनची तुलना त्याच मशीनच्या मागच्या महिन्याशी करा. आणि सायकल टाइम घड्याळ लावून मोजा. कोटेशनमध्ये लिहिलेला आकडा बरेचदा सैल असतो, आणि मग ओईई शंभराच्या वर निघून सगळे खूश होतात.

बारीक थांबे कसे नोंदवायचे? ऑपरेटर लिहीत नाहीत.

तो चाळीस वेळा वीस सेकंदांसाठी थांबतो. रोज मरे त्याला कोण रडे! त्याला वाक्य लिहायला लावू नका. मशीनवर एक कार्ड लावा, त्यावर पाच-सहा कारणं छापलेली असू द्या: पीस अडकला, चिप गुंडाळली, सेन्सर चुकला, माल नाही, गेज शोधत होतो, इतर. प्रत्येक वेळी एक उभी रेघ मारायची. वेळ लिहायची गरज नाही.

हे कायमचं ठेवू नका. एका मशीनवर पाच दिवस करा आणि थांबवा. पाच दिवसांत बहुधा एखादंच कारण बाकीच्यांना मागे टाकतं. ते काढल्यावर पुन्हा पाच दिवस. ‘इतर’मध्ये सर्वांत जास्त रेघा दिसल्या तर कारणांची यादी ऑफिसात बसून केली गेली, एवढंच समजा.

सेटिंगला दीड-दोन तास लागतात. नवं मशीन न घेता वेळ कमी होईल का?

होईल. पहिली कपात तर जवळजवळ फुकट मिळते. आधी वेळ कुठून कुठपर्यंत मोजायचा ते ठरवा: आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला पीस ते पुढच्या जॉबचा पहिला चांगला पीस. ‘डाय बसली’ म्हणजे सेटिंग संपलं नाही.

मग एक सेटिंग पूर्ण चित्रित करा. सेटरला आधी सांगून, आणि हे त्याची चूक शोधण्यासाठी नाही हे स्पष्ट करून. प्रेसवरचं ११० मिनिटांचं सेटिंग उलगडलं तर साधारण असं निघतं: डाय, बोल्ट आणि पॅकिंग शोधणं २२ मिनिटं, क्रेनची वाट १३, प्रत्यक्ष चढवणं आणि कसणं २५, ॲडजस्टमेंट ३५, क्यूसीच्या होकाराची वाट १५.

शोधणं आणि क्रेन ही ३५ मिनिटं मशीन बंद असताना जायलाच नकोत. आधीचा जॉब चालू असतानाच डाय, क्लॅम्प, बोल्ट, पाने, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर मशीनजवळ यायला हवं. ट्रॉलीवर प्रत्येक वस्तूची जागा कोरलेली ठेवा, म्हणजे रिकामी जागा लगेच दिसते. क्यूसीला सेटिंग संपायच्या दहा मिनिटं आधी कळवा. एवढ्यावर ११० चे ६०-६५ होतात आणि खर्च एका ट्रॉलीचा.

त्यापुढचं काम ॲडजस्टमेंटचं, आणि ते अवघड आहे. सेटर ३५ मिनिटं पत्र्याचे तुकडे खाली घालत बसतो, कारण प्रत्येक डायची उंची वेगळी असते. डायखाली कायमच्या प्लेट लावून सगळ्यांची बंद उंची एकसारखी करा, मागे दोन लोकेटिंग पिना बसवा, क्लॅम्पच्या जागेची जाडी सारखी करा. बोल्टचे पंधरा आटे फिरवताना कसण्याचं काम शेवटच्या एकाच आट्यात होतं, म्हणून यू आकाराचे वॉशर किंवा एका बाजूने मोठं असलेलं भोक वापरून बोल्ट पूर्ण न काढताच डाय सरकवता येते. ही पद्धत जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी मांडली. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं.

इथे बरेच जण एक चूक करतात. वाचलेल्या वेळात तोच जॉब आणखी चालवतात आणि गोदाम भरतात. सेटिंग निम्मं झालं तर बॅचही निम्मी करा. त्यासाठीच तर हा खटाटोप.

पहिला पीस ओके असतो, मग बॅचच्या शेवटी रिजेक्शन कसं येतं?

पहिला पीस फक्त सेटिंग बरोबर आहे एवढं सांगतो. पुढे टूल झिजतं, स्पिंडल गरम होतो, बारचा लॉट बदलतो.

झिजेची दिशा लक्षात घेऊन सेटिंग करा. बाहेरून टर्निंग करताना टूल झिजलं की व्यास वाढत जातो, म्हणून पहिला पीस टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) खालच्या अंगाला ठेवा. बोअरमध्ये उलट. तिथे भोक लहान होत जातं, म्हणून वरच्या अंगाला. सगळ्यांना मधोमध सेट करायची सवय असते, आणि त्यात निम्मी टॉलरन्स वाया जाते. एक इन्सर्ट २०० पीसवर बिघडत असेल तर तो १६० ला बदला. बिघडल्यावर बदलणं महागात पडतं.

मधली तपासणी किती वेळाने करायची, याला सोपा हिशोब आहे. एक पीस नापास झाला की शेवटच्या ओके पीसपर्यंतचा सगळा माल संशयित. तासाला ८० पीस निघत असतील आणि दर दोन तासांनी मोजत असाल तर १६० पीस निवडावे लागतील. तेवढे निवडायची तयारी नसेल तर आधी मोजा. आणि तोवर तो माल पुढच्या ऑपरेशनला गेलेला नसावा, नाहीतर निवडणार काय?

ऑपरेटर म्हणतो ओके, क्यूसी म्हणते नापास. खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. मोजमापाचं प्रमाणित तापमान २० अंश सेल्सियस आहे. ८० मिलीमीटर व्यासाचा पोलादी जॉब मशीनवरून ४० अंशाला उतरला तर तो साधारण १८ मायक्रॉनने मोठा दिसतो. टॉलरन्स ३० मायक्रॉनची असेल तर अर्ध्याहून जास्त नुसत्या उष्णतेनेच खाल्ली. ॲल्युमिनियम याच्या दुप्पट फुगतं. एक तर जॉब आणि गेज दोन्ही एकाच जागी निवू द्या, नाहीतर गरम मापासाठी वेगळी मर्यादा ठरवून मशीनवर लिहून ठेवा.

दुसरं, साधन पुरेसं बारीक आहे का? साधनाचा सर्वांत लहान भाग टॉलरन्सच्या एक दशांश असावा. ०.०५ च्या टॉलरन्सला ०.०२ चा व्हर्निअर वापरला तर वाद होणारच.

तरीही भांडण मिटत नसेल तर दहा पीस घ्या, त्यांना क्रमांक द्या, तीन माणसांकडून प्रत्येकी दोन-तीनदा क्रम बदलून मोजून घ्या. आधीचं माप कुणाला दिसू देऊ नका. मोजण्यातला फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, ३० च्या वर असेल तर त्या गेजवर पास-नापास ठरवू नका. मधला असेल तर जॉब किती नाजूक आहे ते पाहून ठरवा. बरेचदा खोट गेजमध्ये नसतेच. मायक्रोमीटर कसताना एक जण ठरावीक दाबाला सुटणारं रॅचेट वापरतो, दुसरा थेट थिंबल पिळतो, एवढाच फरक निघतो.

महत्त्वाचं सेटिंग एकालाच येतं. त्याने खाडा केला की मशीन उभं.

आधी तक्ता करा. डावीकडे माणसं, वर मशीन किंवा कामं. प्रत्येक चौकटीत ० ते ३: येत नाही, देखरेखीखाली येतं, एकट्याला येतं, सेटिंग करून दुसऱ्याला शिकवता येतं. हा तक्ता ऑफिसात न भरता शॉपमध्ये, त्या माणसाला काम करताना पाहून भरा. मग उभा रकाना वाचा. ज्या रकान्यात २ किंवा ३ एकदाच आहे, तिथे घोडं पेंड खातं. प्रत्येक मशीनला किमान तीन माणसं आणि प्रत्येक माणसाला किमान तीन मशीन, हे वर्षभराचं उद्दिष्ट ठीक आहे.

‘त्याच्यासोबत उभा राहा आणि शीक’ हे शिकवणं नाही. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात युद्धामुळे कारखान्यांत लाखो नवी माणसं आली, तेव्हा चार पायऱ्यांची एक पद्धत रुळली. आजही तीच सर्वांत कामाची आहे. आधी माणसाला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, प्रत्येक टप्प्याचा मुख्य मुद्दा आणि त्याचं कारण सांगत. मग त्याला करू द्या, आणि करताना त्याच्याच तोंडून मुद्दे आणि कारणं ऐका. शेवटी एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून, आणि सुरुवातीला वरचेवर फेरी मारून.

यात ‘कारण’ सगळ्यात जास्त गळतं. ‘हा बोल्ट आधी कस’ एवढंच सांगितलं तर महिन्याने तो शेवटी कसला जातो. ‘आधी हा कसला नाही तर फिक्श्चर पिनेवरून उचललं जातं आणि भोक तिरपं पडतं’ हे सांगितलं तर विसरत नाही.

ज्याला सगळं येतं तो माणूस शिकवायला नाखूष असेल तर त्याला दोष देऊ नका. त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या ज्ञानात आहे असं कारखान्यानेच त्याला शिकवलेलं असतं. शिकवण्याला पगारात आणि हुद्द्यात वेगळं स्थान द्या. पोकळ कौतुकाने हे होत नाही.

ओव्हरटाइम लावूनही डिलिव्हरी मागेच. का?

बहुधा माल मशीनवर नसतो, मशीनसमोरच्या रांगेत असतो. शॉपमध्ये १२०० पीस अर्धवट पडले असतील आणि रोज १५० बाहेर जात असतील, तर आज आत शिरलेला पीस आठ दिवसांनी बाहेर पडणार, मग प्रत्यक्ष मशीनिंग चाळीस मिनिटांचं का असेना. हा साधा भागाकार आहे आणि तो चुकत नाही. ओव्हरटाइमने आधीच्या टप्प्यावरच्या मशीनचं उत्पादन वाढवलं आणि अडथळ्याचं, म्हणजे सर्वांत कमी माल काढणारं, मशीन तेवढंच राहिलं, तर फक्त रांग लांबते.

म्हणून अडथळ्याचं मशीन ओळखा. ज्याच्यासमोर माल साठतो आणि ज्याच्या पुढच्या टप्प्यावर लोक रिकामे उभे असतात ते. ओव्हरटाइम द्यायचाच तर तिथे द्या. सुट्टीच्या वेळी ते मशीन बंद ठेवू नका, बदली माणूस उभा करा. त्याच्यासमोर खराब पीस जाऊ देऊ नका, तपासणी आधी घ्या.

ओव्हरटाइमच्या तासांतलं रिजेक्शन वेगळं लिहा. ते नेहमीच्या तासांपेक्षा जास्त दिसलं तर ते तास खरोखर किती फायद्याचे हे कळेल. दोन पाळ्यांमध्ये विश्रांती किती, हेही बघा. युरोपीय संघाच्या नियमात दररोज सलग ११ तास आहेत, आणि तो आकडा कुठेही धरायला हरकत नाही.

आठवड्याच्या सुट्टीनंतर मशीन उघडलं की कुलंटला सडका वास येतो. नवं भरलं तरी आठवड्यात पुन्हा येतो.

कुलंट म्हणजे कापताना टूल थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण. पंप बंद असताना स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या पृष्ठभागांचं) तेल त्यावर तवंग धरतं, हवा आत जात नाही आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू माजतात. वास त्यांच्यामुळे. नवं कुलंट पुन्हा सडतं कारण टाकीच्या तळाचा गाळ आणि चिप तशाच ठेवून वरून भरलं जातं. जुन्या गाळातले जिवाणू नव्यात उतरतात. बदलण्याच्या आधीच्या पाळीत सिस्टिम क्लीनर घालून मशीन चालवा, मग टाकी रिकामी करा, गाळ खरवडा, पाण्याने धुऊन काढा, आणि मगच भरा.

मिसळताना आधी पाणी, मग त्यात तेल. उलटं केलं तर दही फुटल्यासारखं होतं. रोजची भर नुसत्या पाण्याने घालू नका. पाणी उडतं हे खरं, पण पीस आणि चिपबरोबर तेलही जातं. १ ते ३ टक्क्यांचं पातळ मिश्रण घाला. मिश्रण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन ही टक्केवारी नव्हे. डब्यावरच्या गुणकाने गुणावं लागतं. वाचन ४ आणि गुणक १.५ असेल तर ६ टक्के. पीएच ८.५ ते ९.५ मध्ये ठेवा. तो खाली सरकू लागला की वास यायच्या आधीच कळतं. सुट्टीच्या आधी तवंग काढा, आणि सुट्टीतही पंप टायमरवर थोडा थोडा वेळ फिरता ठेवा.

कॉम्प्रेसर कमी पडतोय. मोठा घ्यावा का?

आधी गळती मोजा. सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा. तो किती मिनिटं लोडवर (हवा भरत) चालतो आणि किती मिनिटं अनलोडवर (नुसता फिरत), हे आठ-दहा चक्रं लिहा. लोडची वेळ भागिले एकूण वेळ म्हणजे गळती. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड असेल तर एक चतुर्थांश हवा कुणी न वापरताच जाते. ही रीत लोड-अनलोड कॉम्प्रेसरची आहे. बदलत्या वेगाच्या कॉम्प्रेसरला ती चालत नाही, तिथे रिसीव्हर (हवेची टाकी) भरून कॉम्प्रेसर बंद करा आणि दाब किती वेळात उतरतो ते पाहा.

गळती बहुधा मोठ्या पाइपमध्ये नसते. क्विक कपलिंग, फिल्टरचं भांडं, होजचा क्लॅम्प, सिलिंडरचं सील आणि उघडा अडकलेला ऑटो ड्रेन, एवढंच आधी साबणाच्या पाण्याने तपासा. दाब ७ बारच्या आसपास असताना एक बार कमी केला तर वीज ६-७ टक्क्यांनी उतरते. पण ‘दाब कमी पडतो’ म्हणून गळतीवर दाब वाढवला की गळतीही वाढते. आणि हवेने कपडे किंवा अंग झटकायला सक्त मनाई ठेवा. हवा त्वचेतून आत शिरू शकते, डोळा जाऊ शकतो.

दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद केला, एवढं पुरत नाही का?

नाही. दुसऱ्या बाजूने कुणीतरी चालू करतं. आत हात घालणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप स्वतः लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तिघे काम करत असतील तर तीन कुलुपं. सुपरवायझरचं एक कुलूप सगळ्यांसाठी चालत नाही.

वीज बंद झाली तरी बाकीच्या शक्ती आत असतातच: सिलिंडरमधली हवा, ॲक्युम्युलेटरमधला हायड्रॉलिक दाब, ताणलेली स्प्रिंग, वर अडकलेला प्रेसचा रॅम, ड्राइव्हमधले कपॅसिटर. दाब सोडा, रॅमखाली ब्लॉक लावा, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा. मग स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलं आहे ना ते बघा, आणि बटण परत बंद स्थितीत आणा. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते.

बेंच ग्राइंडरवर काय तपासायचं?

टूल रेस्ट आणि चाकातलं अंतर ३ मिलीमीटरपेक्षा जास्त नको, वरच्या जिभेचं ६ पेक्षा जास्त नको. चाक झिजलं की दोन्ही पुन्हा जवळ आणा. नवं चाक चढवण्याआधी लाकडी मुठीने हलकेच ठोका. खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर चीर आहे. चाकावरचे आरपीएम मोटरच्या वेगापेक्षा जास्त आहेत ना ते वाचा. चढवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवा.

५-एस दोनदा राबवलं, महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या. असं का?

५-एस म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि शॉप नीटनेटकं ठेवण्याची पद्धत. ती टिकली नाही, कारण ती सफाई मोहीम म्हणून राबवली गेली. रंगवलेल्या पट्ट्या महिनाभर टिकतात. एखादी वस्तू परत जागेवर का जात नाही, हे विचारलं तर उत्तर साधं निघतं: जागा लांब आहे किंवा वस्तू कमी आहेत. दोन मशीनमध्ये एकच ॲलन की सेट असेल तर तो कधीच जागेवर नसणार. प्रत्येक मशीनला स्वतःचा सेट द्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्या सेटरला ओरडून काही होत नाही.

उद्योगाच्या बातम्या वाचून कारखान्यात नेमकं काय करायचं?

दोन प्रकारच्या बातम्या कामाच्या आहेत. पहिल्या मागणीच्या. पीएमआय हा कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक ५० च्या वर असेल तर मागच्या महिन्यापेक्षा वाढ, खाली असेल तर घट. ३० टक्के कंपन्यांनी ‘सुधारलं’, ५० टक्क्यांनी ‘तेवढंच’ आणि २० टक्क्यांनी ‘घसरलं’ सांगितलं तर ३० अधिक ५० चे निम्मे, म्हणजे ५५. तो वाढीचा आकार सांगत नाही, किती जणांकडे वाढ आहे एवढंच सांगतो. आपल्या तीन मोठ्या ग्राहकांचं पुढच्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक त्यापेक्षा जास्त कामाचं. पीएमआय सलग तीन-चार महिने घसरत असेल तर नवी कायमची भरती जरा लांबवा, एवढा धडा पुरे.

दुसऱ्या कच्च्या मालाच्या. लंडन मेटल एक्स्चेंजवर ॲल्युमिनियम चढलं की पुरवठादाराचा फोन येतो, पण आपली किंमत वाढवायला ग्राहक तयार नसतो. उपाय कोटेशनमध्येच करा: मूळ धातूचा भाव, तो कोणत्या तारखेचा किंवा कोणत्या महिन्याच्या सरासरीचा, आणि किती बदलला की किंमत बदलेल. वजन कोणतं धरायचं तेही लिहा. समजा, जॉबला १.८ किलो माल लागतो आणि तयार जॉब १.१ किलोचा होतो. ग्राहक वाढ १.१ वर देतो, आपण पैसे १.८ वर भरलेले असतात. स्क्रॅपच्या परताव्याचा भाव वजा करून १.८ वरच हिशोब मांडा.

एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणं इतकं वाईट आहे का? भाव तर चांगला मिळतो.

भाव चांगला मिळतो हे खरंच आहे, आणि प्रत्येक वस्तूला दोन पुरवठादार ठेवणं लहान कारखान्याला परवडत नाही. ज्या वस्तूला पर्यायच नाही तिथेच काळजी घ्या. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन सेइकी या सुट्या भागांच्या कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्यात आग लागली. ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ तिथूनच मिळत होता. टोयोटाच्या असेंब्ली लाइन थांबल्या. काही दिवसांत गाडं रुळावर आलं, ते इतर पुरवठादारांनी ड्रॉइंग घेऊन आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली म्हणून. ‘एव्हर गिव्हन’ जहाज मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं राहिलं, तेव्हा समुद्रमार्गे माल मागवणाऱ्यांना दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट कळली.

म्हणून खरेदीच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक रकाना वाढवा: ‘हा बंद पडला तर दुसऱ्याकडून किती दिवसांत?’ जिथे उत्तर दोन आठवड्यांच्या वर जातं तिथे ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड आणि टूलिंगची मालकी आपल्याकडे आहे का ते बघा. डाय पुरवठादाराकडे असेल तर ती कुणाची, हे कागदावर हवं आणि डायवर कोरलेलंही हवं. दुसऱ्या पुरवठादाराकडून वर्षातून एकदा छोटी बॅच मागवा, महाग पडली तरी. नमुना आधीच पास झालेला असेल तर अडचणीच्या दिवशी फक्त ऑर्डर द्यावी लागते.

ऑपरेटरने स्वतःहून चूक सांगितली तर दंड करायचा का?

नाही. दंड केला तर पुढचा खराब पीस लाल पेटीऐवजी चांगल्या पेटीच्या तळाशी जाईल, आणि तो तुम्हाला ग्राहक दाखवेल. नियम तोडून गार्ड काढलं, तर कारवाई करा. पण माप चुकलं आणि त्याने मशीन थांबवून हाक मारली, तर सुपरवायझरने दोन मिनिटांत तिथे पोचायचं आणि पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा नाही, तर ‘शेवटचा ओके पीस कोणता?’ असा विचारायचा.